सुब्हुन्तीबो: स्पॅनिशमधल्या ‘यावं-जावं’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्यांची गाडी पहिले काही महिने छान धावते. वर्तमानकाळ होतो, दोन भूतकाळ कसेबसे जमतात, आणि मग ‘सुब्हुन्तीबो’ नावाचा धडा येतो. वर्गातली निम्मी डोकी तिथे खाली जातात. तासानंतर जिन्यात, व्हॉट्सअॅपवर, कधी परीक्षेच्या आदल्या रात्री जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात जिथे जीभ दातांत धरून ‘थ’सारखा उच्चार करतात, तिथे लॅटिन अमेरिकेप्रमाणे ‘स’ लिहिला आहे. ‘व्ही’ हे अक्षर स्पॅनिशमध्ये ‘ब’च्या जवळ ऐकू येतं, म्हणून तिथे ‘ब’ आहे.

सुब्हुन्तीबो हा काळ आहे का?

नाही. काळ म्हणजे क्रिया केव्हा घडली ते. सुब्हुन्तीबो सांगतो की बोलणारा त्या क्रियेकडे कसा बघतोय. आपल्या शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे ‘अर्थ’ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये असे तीन गट धरतात: इंदिकातीबो, सुब्हुन्तीबो आणि इम्पेरातीबो. इंदिकातीबो म्हणजे आपला स्वार्थ, इम्पेरातीबो म्हणजे आज्ञार्थ, आणि सुब्हुन्तीबोमध्ये आपला विध्यर्थ, संकेतार्थ आणि आशीर्वाद देताना वापरतो ती ‘होवो, लाभो’ अशी रूपं, हे सगळं मिळून येतं.

‘तो येतो’ असं म्हटलं की मी एक माहिती तुमच्यासमोर ठेवली. ती खरी असेल वा खोटी, पण मी ती सांगितली. ‘त्यानं यावं’ असं म्हटलं की मी काहीच कळवलेलं नाही. येणं माझ्या मनात आहे, इच्छेत आहे. पहिल्याला स्पॅनिशमध्ये ‘बियेने’, दुसऱ्याला ‘बेंगा’. एवढा फरक हाताशी ठेवला तरी पुढचे बरेच नियम आपोआप सुटतात.

हे इंग्रजीतून समजून घेणं सोपं नाही का? सगळी पुस्तकं इंग्रजीतच आहेत.

याच प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं. पुस्तकं इंग्रजीत आहेत हे खरं. अप्पा बळवंत चौकात किंवा ऑनलाइन जे मिळतं, ते बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. इंग्रजीत हे रूप आता जवळपास उरलेलंच नाही, त्यामुळे त्या पुस्तकांना पानंच्या पानं याद्या द्याव्या लागतात: इच्छेनंतर, शंकेनंतर, भावनेनंतर, अमुक चौदा शब्दांनंतर. आपली मुलं त्या याद्या पाठ करतात आणि बोलायची वेळ आली की गोठतात.

पण ज्याची मातृभाषा मराठी आहे, त्याच्या तोंडात हा फरक रोज असतो. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा:

तू येशील असं मला वाटतं.
तू यावंस असं मला वाटतं.

‘मला वाटतं’ दोन्हीकडे तेच. तरी पहिल्यात अंदाज आहे आणि दुसऱ्यात इच्छा, आणि ती इच्छा फक्त ‘यावंस’ या रूपातून कळते. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘क्रेओ के बेंद्रास’, दुसरं ‘कियेरो के बेंगास’. आता आणखी एक जोडी:

ती म्हणते की तू येतोयस. दीसे के बियेनेस.
ती म्हणते की तू यावंस. दीसे के बेंगास.

इथे स्पॅनिशमध्येही मुख्य क्रियापद तेच, ‘दीसे’. पहिल्यात ती बातमी देते, दुसऱ्यात निरोप. दोन्ही भाषांमध्ये वजन दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीवर पडतं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं.

‘मला जायचंय’ आणि ‘तू जावंस’ यांत स्पॅनिशमध्ये काय होतं?

अगदी तेच, जे मराठीत होतं. इच्छा माझी आणि जाणारही मीच, तर ‘मला जायचंय’: कियेरो ईर. साधं मूळ रूप. इच्छा माझी पण जाणारा दुसरा, तर ‘तू जावंस असं मला वाटतं’: कियेरो के बायास. मधे ‘के’ आला, कर्ता बदलला, रूप बदललं. ‘मी जावं अशी माझी इच्छा आहे’ असं आपण सहसा बोलत नाही. स्पॅनिशमध्येही ‘कियेरो के बाया’ हे स्वतःबद्दल म्हणत नाहीत.

इंग्रजी वळणानं विचार करणारे इथे ‘कियेरो तू ईर’ असं काहीतरी बोलून जातात. असं झालं की मी विद्यार्थ्याला थांबवून तेच वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगते. ‘यावं-जावं’ तोंडात आलं की ‘के’ आणि सुब्हुन्तीबो मागोमाग येतात.

याच कुटुंबातला आणखी एक सुंदर प्रयोग आहे. पाहुण्यांना आपण विचारतो, ‘मी चहा करू?’ हा ‘करू’ माहिती देत नाही, समोरच्याची मर्जी विचारतो. स्पॅनिशमध्ये ते ‘कियेरेस के आगा ते?’ असं होतं; शब्दशः पाहिलं तर ‘मी चहा करावा अशी तुझी इच्छा आहे का?’

रूपं कशी तयार करायची?

वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि उलटा स्वर लावा. ज्यांचं मूळ रूप ‘आर’नं संपतं त्यांना ‘ए’, ज्यांचं ‘एर’ किंवा ‘ईर’नं संपतं त्यांना ‘आ’.

आब्लार (बोलणे): आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन.
कोमेर (खाणे, जेवणे): कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान.
बिबीर (राहणे, जगणे): बीबा, बीबास, बीबा, बिबामोस, बिबाइस, बीबान.

‘मी’ आणि ‘तो/ती’ यांचं रूप एकच असतं, त्यामुळे कर्ता कोण हे कधीकधी वेगळं सांगावं लागतं.

‘मी’च्या रूपापासून सुरुवात का करायची, याचं उत्तर अनियमित क्रियापदांत आहे. तेंगो वरून तेंगा, आगो वरून आगा, दीगो वरून दीगा, साल्गो वरून साल्गा, बेंगो वरून बेंगा, कोनोस्को वरून कोनोस्का. वर्तमानकाळात जे वाकडं आहे ते जसंच्या तसं इकडे येतं, नवीन काही पाठ करावं लागत नाही.

खरोखर वेगळी फक्त सहा आहेत, आणि त्यांची खूण अशी की त्यांच्या ‘मी’च्या रूपाच्या शेवटी ‘ओ’ नसतो. सेर (सोय) चं सेआ, एस्तार (एस्तोय) चं एस्ते, ईर (बोय) चं बाया, दार (दोय) चं दे, साबेर (से) चं सेपा, आबेर (ए) चं आया. ही सहा मात्र इतकी वापरात आहेत की पाठ करायलाच हवीत.

स्वर फुटणारी क्रियापदंही (केरेरचं ‘कियेरो’, पोदेरचं ‘प्वेदो’) तशीच वागतात: कियेरा, प्वेदा, पण ‘आम्ही’ आलं की पुन्हा साधं, केरामोस, पोदामोस. ‘ईर’ गटातली काही इथे थोडी हट्टी आहेत: द्वेर्मा पण दुर्मामोस, पीदा आणि पिदामोसही.

लिहिताना काही ठिकाणी रोमन अक्षरं बदलतात. ‘बुस्को’चं ‘बुस्के’ होताना ‘सी’ जाऊन ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात, ‘येगो’चं ‘येगे’ होताना ‘जी’नंतर एक ‘यू’ घुसतो. कानाला काहीच वेगळं लागत नाही. ‘क’ हा ‘क’च राहावा म्हणून लिपीला करावी लागणारी ही तडजोड आहे. देवनागरीत लिहिलं तर ती दिसतही नाही, म्हणून सुरुवातीला मी ही रूपं कानानं पाठ करायला लावते आणि स्पेलिंग नंतर.

‘ओहाला’ म्हणजे काय? सगळीकडे ऐकू येतं.

‘असं होवो’, ‘असं झालं तर किती बरं’. जून कोरडा जात असेल आणि खडकवासल्याकडे डोळे लागले असतील, तर म्हणायचं, ‘ओहाला युएबा’: पाऊस पडो. ‘ओहाला’नंतर नेहमी सुब्हुन्तीबो, अपवाद नाही. हा शब्द आंदालुसमधल्या अरबीतून आला, ‘देवाची इच्छा असेल तर’ अशा अर्थाच्या वाक्यातून. स्पेनच्या भूमीवर 711 पासून 1492 पर्यंत कुठे ना कुठे मुस्लिम सत्ता होती, आणि त्या काळातले कितीतरी शब्द स्पॅनिशमध्ये मुरले आहेत.

‘ओहाला’शिवायही इच्छा व्यक्त होते, नुसत्या ‘के’नं. आजारी माणसाला: के ते मेहोरेस, म्हणजे तब्येत सुधारो. झोपायला निघालेल्याला: के देस्कान्सेस. जेवणाऱ्यांना: के आप्रोबेचे. निरोप देताना: के ते बाया बियेन. आणि वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत आपण ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहितो, तिथे ते लिहितात ‘के एन पास देस्कान्से’.

हे ‘ओ’ लावलेलं रूप मराठीत मागे पडलंय असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आळंदी आपल्यापासून तासाभरावर आहे. पसायदान शाळेत म्हटलेल्या प्रत्येकाला सांडो, वाढो, जडो, जावो, पाहो, लाहो ही क्रियापदं पाठ आहेत. त्यांतलं एकही काही घडलं म्हणून सांगत नाही, सगळी मागतात. यांचं स्पॅनिश करायला बसलात तर प्रत्येक ठिकाणी सुब्हुन्तीबोच घ्यावा लागेल. ‘वांछील’ या भविष्यरूपालासुद्धा, कारण कोण काय इच्छील हे अजून ठरलेलं नाही. माझ्या मते मराठी विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगला गृहपाठ नाही.

‘तू आलास याचा आनंद झाला’ यात तर तो आलाच आहे. मग सुब्हुन्तीबो का?

इथे मराठी आपली साथ सोडते, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

आपण म्हणतो, ‘तू आलास ते बरं झालं.’ साधा भूतकाळ. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘के बियेन के आयास बेनीदो.’ सुब्हुन्तीबो. ‘तू इथे आहेस याचा मला आनंद आहे’: मे आलेग्रो दे के एस्तेस आकी. पुन्हा सुब्हुन्तीबो, आणि तो माणूस तर समोर उभा आहे.

पुस्तकं म्हणतात की सुब्हुन्तीबो म्हणजे अनिश्चितता. ती व्याख्या इथे कोलमडते, आणि विद्यार्थ्यांचा विश्वास उडतो तो याच ठिकाणी. त्यापेक्षा पहिल्या प्रश्नाच्या उत्तराकडे जा: मी ही माहिती कळवतेय का? तू आलास हे तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक. ती बातमी नाही. मी कळवतेय तो माझा आनंद. येणं हे त्या आनंदाचं कारण म्हणून वाक्यात आलं आहे, विधान म्हणून नाही, आणि स्पॅनिश त्याला इंदिकातीबो देत नाही. राग, भीती, आश्चर्य, वाईट वाटणं, सगळ्यांचं तसंच. ‘तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं’: सियेंतो के एस्तेस एन्फेर्मो.

उलट ‘एस बेर्दाद के’ (खरं आहे की) किंवा ‘से के’ (मला माहीत आहे की) यांनंतर इंदिकातीबो येतो, कारण तिथे तुम्ही ते विधान स्वतःच्या नावावर करता आहात.

नकारानं रूप का बदलतं?

‘क्रेओ के बियेने’: तो येतोय असं मला वाटतं. ‘नो क्रेओ के बेंगा’: तो येईल असं मला वाटत नाही. मराठीत दुसऱ्या वाक्यात भविष्यकाळ येतो, त्यामुळे आपल्याला काही खटकत नाही. पण विचार करा, ‘वाटत नाही’ म्हटल्यावर त्याचं येणं मी मांडतेय का? उलट ते बाजूला सारतेय. म्हणून सुब्हुन्तीबो.

इथे एक नेहमीची गडबड होते. ‘वाटतं’ हा शब्द आपल्याकडे मत, अंदाज, इच्छा, भावना सगळ्यांना चालतो. त्यामुळे ‘क्रेओ के’नंतरही मुलं सुब्हुन्तीबो लावतात. होकारातला ‘क्रेओ के’ हे मत आहे, तिथे साधं रूपच.

‘क्वांदो’ म्हणजे ‘जेव्हा’. त्यानंतर भविष्यकाळ का चालत नाही?

तीन वाक्यं घ्या. ‘तू पुण्याला येतोस तेव्हा आपण भेटतो’ ही सवय, म्हणून ‘क्वांदो बियेनेस’. ‘तू आलास तेव्हा पाऊस होता’ हे घडून गेलं, म्हणून ‘क्वांदो बिनिस्ते’. ‘तू येशील तेव्हा भेटू’ यातलं येणं अजून घडायचंय, म्हणून ‘क्वांदो बेंगास’. ‘येशील’ बघून हात भविष्यकाळाकडे जातो, तो आवरायचा. स्टेशनवर उतरणाऱ्या मित्राला आपण ‘पोचलास की फोन कर’ म्हणतो. तिथे तर आपण न घडलेल्या गोष्टीला भूतकाळाचं रूप देतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. स्पॅनिश तिथे म्हणते, ‘क्वांदो येगेस, यामामे.’

‘जोपर्यंत’, ‘लगेच’ यांचंही असंच. ‘आन्तेस दे के’ (आधी) आणि ‘पारा के’ (यासाठी की) मात्र काळ बघतच नाहीत, नेहमी सुब्हुन्तीबो घेतात, जसं ‘पारा के’साठी आपण ‘तुला समजावं म्हणून सांगतेय’ म्हणतो.

‘सी’ म्हणजे ‘जर’नंतर?

वर्तमानातला सुब्हुन्तीबो नाही. ‘पाऊस आला तर’: सी युएबे. साधं रूप. पण कल्पना असेल तर भूतकाळाचा सुब्हुन्तीबो येतो: ‘पैसे असते तर’, सी तुबियेरा दिनेरो. आणि ‘पैसे असते तर घेतलं असतं’ हे गेलेल्या संधीबद्दल असेल तर ‘सी उबियेरा तेनीदो दिनेरो, लो आब्रीआ कोम्प्रादो’. हा आपला संकेतार्थ. मराठीत ‘असते’ हे एकच रूप दोन्ही कामं करतं, स्पॅनिशमध्ये ती वेगळी आहेत.

‘बाल्कनी असलेला फ्लॅट शोधतोय’ याला स्पॅनिशमध्ये कधी ‘तेंगा’ येतं, कधी ‘तियेने’. फरक काय, ते नीट कळलं नाही.

‘असलेला’ म्हटलं तर कळणारच नाही, कारण त्या रूपात फरक दबून जातो. वाक्य उलगडून म्हणा:

बाल्कनी असेल असा फ्लॅट शोधतोय.
ज्याला बाल्कनी आहे तो फ्लॅट शोधतोय.

पहिला माणूस कोथरूडला एजंटसमोर बसला आहे. असा फ्लॅट मिळेल की नाही त्याला माहीत नाही. दुसरा माणूस सोसायटीत उभा राहून वॉचमनला विचारतोय. फ्लॅट आहे, फक्त सापडत नाहीये. पहिला म्हणेल ‘बुस्को उन पीसो के तेंगा बाल्कोन’, दुसरा म्हणेल ‘बुस्को एल पीसो के तियेने बाल्कोन’. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या जाहिरातीत ‘स्पॅनिश बोलणारी व्यक्ती हवी’ असतं, तिथेही ‘आब्ले’ येणार, कारण ती व्यक्ती अजून मिळायची आहे.

मराठीतलं ‘असेल असा’ आणि ‘आहे तो’ हे दोन साचे लक्षात ठेवले की हा सगळा धडा संपला.

कुणाला आदरानं सांगायचं असेल तर?

‘तू’ला आज्ञार्थ: ‘पासा’, ये आत. ‘उस्तेद’ म्हणजे आपल्या ‘तुम्ही-आपण’ला सुब्हुन्तीबोचं रूप: ‘पासे, सियेंतेसे’. आपल्याकडेही घरी आलेल्या मोठ्या माणसाला ‘यावं, बसावं’ म्हणतात, ‘या, बसा’च्याही वरचा मान. आज्ञा मवाळ करायला दोन्ही भाषांनी इच्छेचं रूप उचललं आहे.

नकार असेल तर ‘तू’लाही सुब्हुन्तीबोच: ‘नो बायास’, जाऊ नकोस. पुण्यातल्या दारांवरच्या पाट्या आठवा, ‘दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये’. हा ‘नये’ म्हणजे विध्यर्थाचा नकार. तेच दाराआडून एखाद्याला सांगायचं तर ‘नो तोके एल तिंब्रे’. मात्र स्पॅनिशमधल्या छापील पाट्यांवर बरेचदा साधं मूळ रूप दिसतं, ‘नो फुमार’, ‘नो तोकार’.

जिथे मराठीत ‘-आवं’ तिथे डोळे मिटून सुब्हुन्तीबो लावला तर चालेल?

नाही, आणि हे नक्की लक्षात ठेवा. आपलं ‘-आवं’ आणखी दोन कामं करतं जी सुब्हुन्तीबो करत नाही.

एक, सर्वसाधारण सल्ला. ‘सकाळी लवकर उठावं’ यात कुणी विशिष्ट कर्ता नाही. स्पॅनिशमध्ये ‘आय के लेबान्तार्से तेम्प्रानो’, मूळ रूप. तोच सल्ला एखाद्याला उद्देशून दिला, ‘तू लवकर उठावंस हे महत्त्वाचं आहे’, की लगेच ‘एस इम्पोर्तान्ते के ते लेबान्तेस तेम्प्रानो’.

दोन, जुन्या सवयी सांगण्याची ती लोभस पद्धत: ‘आजीनं गोष्ट सांगावी आणि आम्ही ऐकत बसावं.’ ही इच्छा नाही, रोज घडणारी गोष्ट आहे. स्पॅनिशमध्ये तिला इम्पेर्फेक्तो, म्हणजे सवयीचा भूतकाळ: ‘कोन्ताबा’.

आणखी एक यांत्रिक फरक. मराठीत ‘त्यानं यावं’ म्हणताना कर्त्याला ‘-नं’ लागतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलेलच असं नाही. स्पॅनिशमध्ये कर्ता साधाच राहतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं.

चुकीचं रूप वापरलं तर समोरच्याला कळत नाही का?

बहुतेक वेळा कळतं. पण ‘दीसे के बियेनेस’ आणि ‘दीसे के बेंगास’सारख्या ठिकाणी निरोपाचा अर्थच बदलतो. ‘आउंके’चंही तसं: ‘आउंके युएबे’ म्हणजे पाऊस पडतोय तरीही, ‘आउंके युएबा’ म्हणजे पडला तरी. ट्रेकला निघण्याआधी यातलं काय म्हणालात यावर समोरचा रेनकोट घेईल की नाही ते ठरतं.

ऑफिसच्या कामासाठी किमान काय यायला हवं?

मेक्सिको सिटीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. इथे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे आठ, आणि पुण्यातल्या कित्येकांचे कॉल तिथूनच सुरू होतात. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे तसा मेक्सिकोत पुएब्लालाही आहे, त्यामुळे वाहन उद्योगातल्या लोकांनाही ही भाषा लागू शकते. त्यांच्यासाठी ही वाक्यं अखंड पाठ करावीत, व्याकरण न सोडवता:

एस्पेरो के एस्ते बियेन: आपण बरे असाल अशी आशा.
क्वांदो प्वेदा: जमेल तेव्हा.
आबीसेमे क्वांदो येगे एल पाकेते: पार्सल पोचलं की कळवा.
नो आसे फाल्ता के बेंगा: तुम्ही यायची गरज नाही.
ले आग्रादेसेरीआ के मे एन्बियारा एल दोकुमेन्तो: कागद पाठवलात तर आभारी राहीन.

शेवटच्यात ‘एन्बियारा’ हा भूतकाळाचा सुब्हुन्तीबो आहे, आणि तो विनंतीला अदब देतो.

हा भूतकाळाचा सुब्हुन्तीबो कसा करायचा?

साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या, ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. आब्लारोन वरून आब्लारा, बिनियेरोन वरून बिनियेरा, तुबियेरोन वरून तुबियेरा. अपवाद नाहीत. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की हा येतो: ‘तू यावंस असं मला वाटत होतं’, केरीआ के बिनियेरास. मराठीत ‘यावंस’ तसंच राहतं, स्पॅनिशमध्ये तेही मागे सरकतं. ‘से’नं संपणारी दुसरी जोडरूपंही आहेत, ‘आब्लासे’, ‘बिनियेसे’. वाचताना ओळखा, बोलायला ‘रा’ पुरेसा आहे.

‘दीगान लो के दीगान’ असं दोनदा का म्हणतात?

कारण आपणही म्हणतो. ‘कोणी काही म्हणो’, ‘काहीही होवो’, ‘येवो न येवो’. दीगान लो के दीगान: लोक काही म्हणोत. पासे लो के पासे: काही होवो. सेआ कोमो सेआ: कसंही असो. बेंगा ओ नो बेंगा: येवो न येवो. शक्यता सगळ्या मोकळ्या सोडून आपलं म्हणणं पुढे रेटायची ही रीत दोन्ही भाषांत इतकी सारखी आहे की वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमीच मनापासून आनंद होतो.

परीक्षेसाठी हे कोणत्या टप्प्यावर लागतं?

देले परीक्षेच्या बी-1 पातळीपासून वर्तमानातला सुब्हुन्तीबो येतो, त्यापुढे भूतकाळाचा. देले ही इन्स्तितूतो सेर्बान्तेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते. तिचं भारतातलं केंद्र नवी दिल्लीत आहे. पण बी-1 पर्यंत थांबू नका. ‘के ते बाया बियेन’, ‘ओहाला’ आणि ‘कियेरो के’ ही पहिल्या काही महिन्यांत तोंडात बसली की पुढचा धडा ओळखीचा वाटतो. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या वर्गात शिका, खासगी शिकवणीत शिका किंवा घरी बसून, यात फरक पडत नाही.

‘बोसोत्रोस’ची (अनेकांना उद्देशून ‘तुम्ही’ची) रूपं पाठ करायची का?

स्पेनला जायचं असेल तर हो: आब्लेइस, कोमाइस, बिबाइस. लॅटिन अमेरिकेशीच काम असेल तर वाचताना ओळखता आली की झालं, कारण तिकडे अनेकांना सरसकट ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि त्याला ‘ते’चीच रूपं लागतात.

रोज सराव कसा करू?

दिवसभरात कानावर पडलेली ‘-आवं’, ‘-ऊ का’, ‘-वो’, ‘नये’, ‘असेल असा’ ही मराठी वाक्यं एका वहीत टिपा. घरच्यांची, बसमधली, पाटीवरची, लग्नपत्रिकेतली. रात्री त्यांतली चार-पाच घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: इथे बोलणारा काही कळवतोय, की इच्छा, विनंती, शंका, भावना मांडतोय? मग स्पॅनिश करा. पहिल्या महिन्यात ‘कियेरो के’, ‘ओहाला’ आणि ‘क्वांदो’ एवढ्याच साच्यांत राहा, आणि ती सहा वेगळी क्रियापदं रोज एकदा मोठ्यानं म्हणा: सेआ, एस्ते, बाया, दे, सेपा, आया.